लेखात बातमीचा दाखला कसा द्यावा? ठाणे-नवी मुंबईतल्या लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची स्मरणिका, वाचकांचा पत्रव्यवहार, महापालिकेला द्यायचं निवेदन, कॉलेजचा प्रकल्प, दिवाळी अंकातला लेख. ठाण्यापासून पनवेलपर्यंत बरीच मंडळी असं काही ना काही लिहीत असतात आणि मुद्दा पक्का करायला ताज्या बातमीचा आधार घेतात. लेख तपासून द्यायच्या निमित्ताने माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: अमुक तारखेला अमुक माणसाने अमुक सांगितलं किंवा पाहिलं, एवढंच बातमी सांगते. त्या पलीकडचं काही तिच्या तोंडी घालायचं नाही, आणि हे तपासून पाहायची वाट वाचकाला मोकळी ठेवायची.

१. बातमीचा दाखला देताना काय काय लिहायचं? पेपरचं नाव पुरेसं नाही का?

नाही. एकाच दैनिकाच्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि रायगडच्या अंकांत स्थानिक पानं वेगळी असतात. वाशीतल्या तुमच्या घरी येणाऱ्या अंकात तिसऱ्या पानावर असलेली बातमी डोंबिवलीच्या वाचकाला त्याच्या अंकात सापडेलच असं नाही. म्हणून दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि मथळा या चार गोष्टी हव्यातच. बायलाइन असेल तर वार्ताहराचं नाव द्यावं, तो त्याच्या कष्टांचा मान आहे. बातमी ऑनलाइन वाचली असेल तर लिंक आणि कोणत्या दिवशी पाहिली ती तारीख जोडावी.

हे सगळं वाक्यात कोंबलं की वाचन अडखळतं, अशी तक्रार येते. मग वाक्यात फक्त तारीख आणि दैनिक ठेवा, बाकीचं तळटीपेत टाका. ‘मध्यंतरी पेपरात आलं होतं की नवी मुंबईत मेट्रो सुरू झाली’ हे वाक्य कुणालाच तपासता येत नाही. ‘बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली, असं दुसऱ्या दिवशीच्या दैनिकांत आहे’ हे वाक्य फारसं लांब नाही, पण त्याला धरून पुढे शोधता येतं.

२. ‘नुकतंच’, ‘अलीकडेच’ असं लिहिलं तर काय बिघडतं?

लिहिताना काहीच बिघडत नाही, वाचताना बिघडतं. तुमचा मजकूर आज वाचला जाईल की तीन वर्षांनी, हे तुमच्या हातात नसतं. ‘नुकतंच’ हा शब्द तारखेच्या जोडीला असेल तर हरकत नाही, एकटा नको.

नवी मुंबई विमानतळाचंच बघा. त्याचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झालं. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचं सी-२९५ विमान त्याच्या धावपट्टीवर उतरलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि प्रवासी उड्डाणं सुरू झाली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी. या चारही दिवशी मोठ्या मथळ्यांच्या बातम्या आल्या. ‘विमानतळ अलीकडेच सुरू झाला’ असं लिहिणारा यांतल्या कोणत्या दिवसाबद्दल बोलतोय? उलवे-पनवेलमधल्या घरांच्या भावांवर लिहायचं असेल तर यांतली कोणती तारीख धरता, यावर सगळा युक्तिवाद फिरतो. म्हणून घटना कोणती आणि तारीख कोणती, दोन्ही लिहा.

३. बातमी किती जुनी झाली की ती वापरू नये?

वयाची ठरावीक मर्यादा नाही. त्या बातमीकडून तुम्ही काय काम करून घेताय, ते बघायचं. ‘२०१८ साली अशी घोषणा झाली होती’ हे सांगायला २०१८ ची बातमीच हवी, तीच उत्तम. ‘आज परिस्थिती अशी आहे’ म्हणायला मात्र सहा महिन्यांपूर्वीची बातमीही शिळी असू शकते. पाणीकपात, बसचे मार्ग, टोलचे दर, गाड्यांची वेळापत्रकं यांच्या बाबतीत तर लेख पाठवायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघावं.

४. फक्त मथळा वाचून दाखला देता येतो का?

येत नाही. मथळा बहुतेक वेळा वार्ताहर देत नाही, डेस्कवर, म्हणजे कार्यालयातल्या संपादन विभागात, दिला जातो, आणि तोही जागेच्या मापात बसवावा लागतो. ऑनलाइन तर एकाच बातमीचा मथळा दिवसभरात बदलतो. प्रश्नचिन्ह असलेल्या मथळ्याखालची बातमी नीट वाचा. त्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथे नसतंच.

५. बातमीत लिहिलंय म्हणजे ते पेपरने म्हटलंय, असंच ना?

सर्वांत जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बातमीतल्या प्रत्येक वाक्याला धनी असतो. काही वाक्यं वार्ताहराने स्वतः पाहिलेल्या गोष्टींची असतात, काही अधिकाऱ्याची, काही आरोप करणाऱ्याची, काही रहिवाशांची. पेन्सिल घ्या आणि बातमीतल्या क्रियापदांखाली रेघ मारा: ‘म्हणाले’, ‘आरोप केला’, ‘दावा केला’, ‘स्पष्ट केले’, ‘समजते’, ‘सूत्रांनी सांगितले’, ‘असल्याचे बोलले जाते’. आता तुमच्या लेखात तेच क्रियापद उतरलंय का, ते पाहा. ‘कंत्राटदाराने निकृष्ट माल वापरल्याचा आरोप रहिवाशांनी केला’ ही बातमी. ती लेखात येईपर्यंत ‘कंत्राटदाराने निकृष्ट माल वापरला’ अशी होते आणि खाली दाखला पेपरचा. पेपरने असं म्हटलेलंच नाही. ‘सूत्रांनी सांगितले’ आणि ‘समजते’ यांच्यावर तर मुख्य मुद्दा कधीच उभा करू नये. फार तर ‘अशी चर्चा असल्याचं अमुक दैनिकाने लिहिलं होतं’ इथपर्यंत जाता येईल.

महापालिकेच्या बातम्यांत आणखी एक उतरंड असते. आधी प्रस्ताव तयार होतो, मग मंजुरी, मग निविदा, मग कार्यादेश आणि मग प्रत्यक्ष काम. प्रत्येक पायरीची बातमी येते आणि प्रत्येक बातमी वाचताना काम झाल्यासारखं वाटतं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्या दिवसाची बातमी भूमिपूजन झाल्याचा चोख दाखला आहे, मेट्रो मिळाल्याचा नाही.

मंजुरी कोणी दिली, तेही बघा. मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्याने नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून पुढे काही वर्षं महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळातल्या निर्णयाबद्दल ‘नगरसेवकांनी महासभेत ठराव केला’ असं कुणी लिहिलं की जाणता वाचक तिथेच थबकतो. सभागृह नव्हतं, तर ठराव कोणी केला?

६. एकाच घटनेचे आकडे पाच बातम्यांत पाच प्रकारचे असतात. कोणता घ्यायचा?

आधी आकडे वेगळे का आहेत, ते शोधा. कारणं साधारण दोन असतात.

पहिलं कारण वेळेचं. दुर्घटनेच्या दिवशीचा आकडा हा त्या तासाचा असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पहिल्या दिवसाच्या बातम्यांतली मृतांची संख्या पुढे रोज वाढत गेली. शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. दुसऱ्या दिवसाच्या अंकावरून लेख लिहिला तर ५७ माणसं लेखातून नाहीशी होतात. शोधकार्य संपल्यानंतरची बातमी घ्या, आणि मृत व बेपत्ता हे दोन आकडे वेगळे ठेवा. त्यांची बेरीज करून ‘एवढे गेले’ असं स्वतःच्या मनाने लिहू नका.

दुसरं कारण मापाचं. दोन्ही आकडे बरोबर असतात, पण मोजलेली वस्तू वेगळी असते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असं एका बातमीत मिळेल आणि ६,५२१ हेक्टर असं दुसरीत. पहिला आकडा २०१५ साली जाहीर झालेल्या अभयारण्याचा आहे. दुसरा २०२२ साली मिळालेल्या रामसर दर्जाच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) क्षेत्राचा आहे, त्यात भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही धरलाय. अटल सेतूचंही तसंच. पूर्ण लांबी २१.८ किलोमीटर, समुद्रावरचा भाग सुमारे १६.५ किलोमीटर. कशाचा आकडा आहे, हे शब्दांत लिहिलं की वाद मिटतो.

७. ‘ठाण्यात असं झालं’, ‘नवी मुंबईत तसं झालं’ असं बातमीत असतं. तेच शब्द लेखात उतरवले तर चालेल ना?

इथे थांबून विचार करायलाच हवा, कारण आपल्या भागाच्या हद्दी फार गुंतागुंतीच्या आहेत आणि बाहेरगावच्या वाचकाला त्या ठाऊक नसतात.

‘ठाणे’ म्हणजे शहर, तालुका, जिल्हा की पोलिस आयुक्तालय? ठाणे पोलिस आयुक्तालयात भिवंडी, कल्याण, उल्हासनगरही येतात. तेव्हा ‘ठाण्यात गुन्हे वाढले’ ही बातमी नौपाड्याबद्दल किंवा वर्तकनगरबद्दल काही सांगतेच असं नाही. जिल्ह्याची गंमत आणखी वेगळी. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती, ठाणे शहराची १८ लाख ४१ हजार. जिल्ह्याचा हा आकडा अजूनही लेखांतून फिरतो. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, विरार, डहाणू, जव्हार तिकडे गेले. आजच्या ठाणे जिल्ह्याबद्दल बोलताना जुन्या बातमीतला तो आकडा घेतला, तर दोन जिल्ह्यांची माणसं एका जिल्ह्यात मोजली जातात.

नवी मुंबईची गोष्टही अशीच. महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आणि ती ठाणे जिल्ह्यात. ‘नवी मुंबई विमानतळ’ मात्र रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत पनवेल, उरणही येतात. खारघर, कामोठे, कळंबोली १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. त्याआधीच्या खारघरच्या पाण्याच्या बातमीत दोष सिडकोला (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला) दिलेला असेल, तर ती उचलून आज पनवेल महापालिकेला बोल लावता येत नाही. नवी मुंबई महापालिकेला बोल लावणं तर दोन्ही काळांत चूक.

‘प्रशासनाचं दुर्लक्ष’ हे शब्द उतरवतानाही हाच विचार करा. घोडबंदर रस्त्याच्या बातम्यांत महापालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), सार्वजनिक बांधकाम विभाग अशी एकाहून अधिक नावं येतात. कोणतं प्रशासन, हे लिहिलं नाही तर तुमचं निवेदन एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतं.

८. सोसायटीच्या ग्रुपवर कात्रणाचा फोटो आला. त्याचा दाखला द्यावा का?

त्या फोटोचा नाही, मूळ अंकाचा द्यावा, आणि मूळ अंक सापडेपर्यंत देऊच नये.

कात्रण हातात आलं की आधी कडा बघा. वरची पट्टी, म्हणजे दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, कापलेली आहे का? बाजूच्या स्तंभातले अर्धवट शब्द वाचून पाहा. तिथे एखाद्या सामन्याचा निकाल, सेलची जाहिरात, निधनवार्ता असते आणि त्यावरून अंकाचा महिना तरी कळतो. कात्रण मागच्या पावसाळ्यातलं असेल तर तिथेच उघडं पडतं. मजकुराचा टाइप त्या दैनिकाच्या नेहमीच्या टाइपाशी जुळतोय का, ओळी समान आहेत का, जोडाक्षरं तुटलीत का, हेही पाहा. बनावट कात्रणं करून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांच्यातलं मराठी अनेकदा डोळ्यांना खटकतं.

मग त्या तारखेचा ई-पेपर उघडा. स्थानिक आवृत्ती निवडा आणि पान शोधा. सापडलं तर प्रश्न १ प्रमाणे दाखला द्या. नाही सापडलं तर ते कात्रण तुमच्यासाठी नाहीच. ‘सोशल मीडियावर फिरणाऱ्या कात्रणानुसार’ असं लिहून पळवाट काढणारे बरेच आहेत. कृपा करून तसं करू नका, त्याने खोट्या गोष्टीला आणखी चार वाचक मिळतात.

९. पाच दैनिकांत तीच बातमी आली. म्हणजे पाच पुरावे झाले ना?

पाचही ठिकाणची वाक्यं शब्दशः सारखी असतील तर पुरावा एकच. वृत्तसंस्थेचा मजकूर किंवा सरकारी प्रसिद्धिपत्रक सगळीकडे जसंच्या तसं छापलं जातं. राज्य सरकारची पत्रकं ‘महासंवाद’ या संकेतस्थळावर असतात, केंद्राची पीआयबीच्या (पत्र सूचना कार्यालयाच्या) संकेतस्थळावर. मूळ पत्रक तिथे मिळालं तर सरळ त्याचाच दाखला द्या. दुसरी बातमी स्वतंत्र आहे, असं केव्हा म्हणायचं? तिच्यात वेगळा माणूस बोललेला असेल, किंवा वार्ताहर स्वतः जागेवर जाऊन आलेला असेल तेव्हा.

१०. अग्रलेख, सदर, मालमत्ता पुरवणीतला लेख हेही बातमीच म्हणून वापरता येतं का?

अग्रलेख आणि सदर हे मत आहे. ‘अमुक दैनिकाच्या अग्रलेखात असं मत मांडलं आहे’ असं म्हणून जरूर वापरा, पण त्यातली माहिती मूळ बातमीतून तपासून घ्या.

पुरवणीच्या बाबतीत मात्र कडक राहा. घोडबंदर, शिळफाटा, उलवे या पट्ट्यातल्या घरांवरचे कित्येक लेख प्रायोजित असतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसा उल्लेख असतो, कधी लेखकाच्या नावाखाली बिल्डर कंपनीतलं पद असतं. असा मजकूर भावांचा, मागणीचा किंवा ‘स्टेशनपासून पाच मिनिटां’चा दाखला होऊ शकत नाही. प्रकल्पाची माहिती हवी असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघा. २०१७ पासून नोंदलेल्या प्रकल्पांची माहिती तिथे सर्वांना खुली आहे.

११. तीन-चार बातम्यांवरून ‘प्रमाण वाढलंय’ असं म्हणता येईल का?

नाही, आणि नेमकं हेच वाक्य मला सर्वांत जास्त लेखांत खोडावं लागतं.

नेहमीपेक्षा वेगळं घडतं तेव्हा बातमी होते. रोजचं सुरळीत चाललेलं छापून येत नाही. त्यात एखाद्या विषयाकडे एकदा लक्ष गेलं की पुढचे पंधरा दिवस त्या विषयाची प्रत्येक घटना छापली जाते, मग तो भटक्या कुत्र्यांचा विषय असो, झाडं पडण्याचा किंवा गॅस गळतीचा. घटना तेवढ्याच असतात, बातम्या वाढतात. ‘वाढलं’ म्हणायला दोन काळांचे आकडे लागतात, आणि ते एकाच यंत्रणेने एकाच पद्धतीने मोजलेले लागतात. एखाद्या बातमीत असे आकडे असतील तर त्या आकड्यांचा दाखला द्या. नसतील तर बातम्यांना जेवढं पेलवतं तेवढंच लिहा: ‘या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांच्या निदान तीन बातम्या माझ्या वाचनात आल्या’, आणि तिन्हींच्या तारखा. हे वाक्य लहान वाटतं, पण त्याला कुणी खोटं ठरवू शकत नाही. अधिकाऱ्यापुढे नेलेल्या निवेदनात अशीच वाक्यं टिकतात.

स्वतःच्या मुद्द्याविरुद्ध जाणारी बातमी दिसली तर तीही नोंदवा. ती तुम्हाला सापडली तशी वाचकालाही सापडणार आहे.

१२. ऑनलाइन बातमी नंतर बदलली किंवा काढून टाकली तर?

हे वरचेवर होतं. म्हणून दाखला द्यायचं ठरलं त्याच दिवशी बातमीचं पान वेबॅक मशीनवर जतन करून त्याची लिंक घ्या. इंटरनेट अर्काइव्हची ही सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि फुकट आहे. स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेवा, पण वाचकाला पुरावा म्हणून पुढे करू नका, कारण तो त्याला तपासता येत नाही. पानावर ‘अपडेटेड’ची वेळ असेल तर तीही टिपून घ्या. लिंक मेली आणि जतन केलेलं पानही नसेल, तर त्या तारखेचा छापील अंक शोधायचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, अशा जुन्या ग्रंथालयांत जाऊन अंकांच्या फायलींची चौकशी करावी. तिथल्या कर्मचाऱ्यांना तारीख नीट सांगितली तर मदत मिळते, ‘दोन-तीन वर्षांपूर्वीचा अंक’ म्हणून मिळत नाही.

१३. बातमीतला किती मजकूर उचलता येतो? पूर्ण कात्रण स्मरणिकेत छापलं तर?

घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते, ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कामांसाठी रास्त वापराची मुभा आहे. मुद्द्यापुरती दोन-चार वाक्यं अवतरण चिन्हांत, श्रेय देऊन घेणं हा त्यातलाच मार्ग. पूर्ण कात्रण स्कॅन करून छापायचं असेल तर दैनिकाला परवानगी मागा. लेखी मेल टाकला तर बरेचदा मिळतेही. छायाचित्राबाबत जास्त जपा, त्यावर छायाचित्रकाराचा किंवा दैनिकाचा हक्क असतो आणि ‘सौजन्य’ लिहिल्याने परवानगी मिळाली असं होत नाही.

१४. बातमी इंग्रजी दैनिकातली आहे. मराठी लेखात तिचा दाखला कसा द्यावा?

दैनिकाचं नाव, तारीख प्रश्न १ प्रमाणेच. बोलणाऱ्याची वाक्यं तुम्ही मराठीत आणली असतील तर ‘मराठी रूप माझं’ असं नोंदवा. दशलक्षांचे लाख-कोटी करताना शून्यं दोनदा मोजा: दहा लाख म्हणजे एक दशलक्ष.

१५. बातमीत आरोपीचं नाव छापलंय. माझ्या लेखात ते लिहिलं तर जबाबदारी पेपरचीच ना?

तुमचीही. बदनामीकारक मजकूर पुन्हा छापणं हेही प्रकाशनच असतं, ‘पेपरात आलं होतं’ म्हटल्याने सुटका होत नाही. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते आणि निर्दोष सुटल्याची आतल्या पानावर चार ओळींत, किंवा येतच नाही. म्हणून खटल्याचं पुढे काय झालं ते शोधा. ते कळेपर्यंत नावाशिवाय मुद्दा मांडता येतो का बघा. बहुतेक वेळा येतो.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. फक्त नाव गाळून भागत नाही. शाळा, इमारत, नातेवाइकांचं नाव यांवरूनही ओळख पटते. एखाद्या दैनिकाने चुकून तसं छापलं असेल तरी तुम्ही उचलू नका आणि ते कात्रणही पुढे पाठवू नका.

१६. महापालिकेकडच्या तक्रारीला किंवा कोर्टातल्या अर्जाला बातमी जोडली तर पुरावा म्हणून चालते का?

तक्रारीला जरूर जोडा, लक्ष वेधायला ती उपयोगी पडते. उच्च न्यायालयंही कधी बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतात. पण बातमीतला मजकूर सिद्ध झाला असं त्यातून होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात १९८८ सालीच सांगितलंय की, वर्तमानपत्रातली बातमी हा ऐकीव स्वरूपाचा दुय्यम पुरावा आहे आणि ती ज्याने दिली त्याची साक्ष झाल्याशिवाय तिच्यातली वस्तुस्थिती सिद्ध धरता येत नाही.

तेव्हा बातमीचा धागा धरून मूळ कागदाकडे जा. बातमीत ठराव, निविदा, शासन निर्णय, तपासणी अहवाल यांचा उल्लेख असतो. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात बातमीची तारीख व मथळा लिहून ‘या बातमीत उल्लेख असलेल्या अहवालाची प्रत मिळावी’ असं नेमकं मागितलं तर ‘माहिती मोघम आहे’ म्हणून परत पाठवायला जागा राहत नाही. ‘ही बातमी खरी आहे का?’ असं मात्र विचारू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, मत मिळत नाही. न्यायालयात जायचं असेल तर पुढचं वकिलांना विचारूनच.

१७. एआय चॅटबॉटने मला मथळा, दैनिक, तारीख सगळं दिलं. तेच वापरू का?

त्या तारखेचा अंक उघडून बातमी डोळ्यांनी दिसली तरच. ही साधनं कधीकधी अस्सल वाटणारा मथळा स्वतःच रचतात, आणि दैनिकाचं नाव खरं असल्यामुळे संशयही येत नाही. तपासायची पद्धत प्रश्न ८ मधलीच.

१८. दिवाळी अंकाचा लेख जुलै-ऑगस्टमध्ये द्यावा लागतो, वाचला जातो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात बातमी बदलली तर?

ज्या वाक्यांचं खरेपण तारखेवर अवलंबून आहे, ती लिहितानाच वेगळ्या रंगात ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नवी मुंबई विमानतळ अजून सुरू झालेला नाही’ हे वाक्य बिनचूक होतं. त्या ऑक्टोबरातल्या दिवाळीत अंक हातात पडला तेव्हा उद्घाटन होऊन गेलेलं होतं आणि प्रवासी विमानं अजून उडायची होती. म्हणजे ते वाक्य अर्धं खरं, अर्धं खोटं झालं. ‘हा लेख लिहिताना, ऑगस्ट २०२५ मध्ये, विमानतळावरून उड्डाणं सुरू झालेली नाहीत’ एवढा बदल केला असता तर ते कुठल्याही महिन्यात वाचता आलं असतं. मुद्रितं हातात येतात तेव्हा फक्त ती रंगीत वाक्यं पुन्हा तपासा. संपादकांना आधीच सांगून ठेवलं तर शेवटच्या क्षणी एखादा आकडा बदलून घ्यायला ते नाही म्हणत नाहीत.

१९. लेख छापून झाला आणि मग त्या दैनिकाने बातमीचा खुलासा छापला. आता?

ज्या ठिकाणी लेख आला त्याच ठिकाणी दुरुस्ती द्या. मूळ वाक्य कोणतं, खुलासा कोणत्या तारखेचा, आणि त्यामुळे तुमच्या मुद्द्यात काय बदलतं, हे तीन-चार ओळींत मावतं. ऑनलाइन लेख असेल तर वाक्य गुपचूप बदलू नका, खाली तारखेसह नोंद ठेवा, कारण तोपर्यंत तुमच्या लेखाचाही कुणीतरी दाखला दिलेला असू शकतो. छापील स्मरणिका असेल तर पुढच्या अंकाची वाट न बघता ज्यांच्याकडे निवेदन म्हणून ती गेली होती, त्या कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र द्या आणि पोच घ्या.